कोल्ह्यास आमंत्रण कोण देतें?

अतिथीचें स्वागत कसें करावें हें आपल्या घरांतून कोणास शिकवावें लागत नाहीं. परंतु ज्यास आपण बोलाविलें नाहीं, जो मध्यरात्रीं परसांत येऊन खरकट्याचें भांडें चाटून जातो आणि ज्याच्या चाहुलीनें घरचें मांजर माळ्यावर चढून बसतें, त्या पाहुण्याचें काय करावें, हा प्रश्न अलीकडे पुष्कळ घरांतून ऐकूं येऊं लागला आहे. कोल्हापुराच्या सभोंवार पाचगांव, मोरेवाडी, शिंगणापूर, वडणगे, उचगांव या बाजूंस घरें वाढत वाढत शेताच्या बांधापर्यंत जाऊन पोंचलीं आहेत. तेथील मंडळी सांगतात कीं, दिवेलागणीनंतर कोल्हेकुई अगदीं कुंपणापाशीं ऐकूं येते. कोणी म्हणतात गोळी घाला, कोणी म्हणतात विष घाला, आणि एखादी आजीबाई हळूच म्हणते, "असूं द्या हो, मुका जीव आहे, भाकरीचा तुकडा टाका." या तीनही सल्ल्यांत धोका आहे, आणि तिसऱ्यांतला धोका सर्वांत कमी ओळखला जातो. म्हणून हा महिना या विषयास दिला आहे.

आरंभीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. कोल्हापूर हें नांव कोल्ह्यांवरून पडलें असें परगांवचे लोक थट्टेनें म्हणतात, आणि आपलीं मुलें तें खरें मानूं लागतात. करवीरमाहात्म्यांतील कथा निराळी आहे. श्रीमहालक्ष्मीनें कोल्हासुराचा वध केला आणि मरतांना त्यानें मागितलेल्या वरामुळें या क्षेत्रास त्याचें नांव मिळालें, अशी ती कथा. तेव्हां आपल्या गांवाच्या नांवाशीं या प्राण्याचा संबंध नाहीं. संबंध आहे तो आपल्या शिवाराशीं, आणि आतां आपल्या परसाशीं.

दुसरा घोटाळा शाळेच्या पुस्तकांनीं करून ठेविला आहे. द्राक्षें आंबट म्हणणारा इसापाचा प्राणी इंग्रजींत फॉक्स आहे. मराठींत त्यास कोल्हा म्हटल्यानें दोन निराळे प्राणी एक झाले. फॉक्सच्या जातीचें आपल्याकडचें जनावर म्हणजे खोकड. तें मांजराहून थोडें मोठें, झुपकेदार शेपटीचें आणि शेपटीचें टोंक काळें असलेलें असतें. उघड्या माळावर बीळ करून तें राहतें आणि मनुष्यापासून दूर पळतें. कोल्हा त्याहून थोराड. त्याचें वजन साधारण सात ते अकरा किलो भरतें. रंग पिंगट-सोनेरी, पाठीवर काळसर केस, आणि कुत्र्याशीं व लांडग्याशीं जवळचें नातें. आपल्या परसांत येतो तो हा.

अमरकोशाच्या सिंहादिवर्गांत याचीं नांवें पाहावीं. शृगाल, जंबुक, फेरव, क्रोष्टु, गोमायु, वंचक, भूरिमाय, मृगधूर्तक. यांतील क्रोष्टु आणि गोमायु हीं नांवें त्याच्या ओरडण्यावरून आलीं; परंतु वंचक, भूरिमाय व मृगधूर्तक हीं नांवें म्हणजे सरळ शिव्या आहेत. पंचतंत्रांतील करटक-दमनक या जोडीनें तर त्याची अपकीर्ति देशाबाहेर नेली. अरबी भाषेंतील 'कलीला व दिम्ना' या ग्रंथाचें नांवच या दोघांवरून पडलें आहे. वास्तविक ज्यास आपण कपटी म्हणतों, त्याचा संसार पुष्कळ मनुष्यांस धडा घालून देईल असा आहे. नर-मादीची जोडी वर्षानुवर्षें एकत्र राहते. पिलांस दोघेही भरवितात. मागच्या वर्षाचीं मोठीं झालेलीं मुलें कित्येकदां घरींच राहून धाकट्या भावंडांचा सांभाळ करितात. एकत्र कुटुंबाची ही रीति त्याच्याकडे आपल्यासारखीच आहे. संध्याकाळीं जी कोल्हेकुई ऐकूं येते, ती म्हणजे एका कुटुंबानें दुसऱ्यास दिलेली समज कीं, ही हद्द आमची. भालू ओरडली म्हणजे घरांत कोणी तरी जाणार, असें म्हणून जीव घाबरा करून घेण्याचें कारण नाहीं.

मग हा प्राणी आतां दाराशीं कां येऊं लागला? याचें उत्तर उसांत आहे. पूर्वीं माळ, ओढ्याकांठचीं झुडपें आणि डोंगराची उतरण हें त्याचें घर होतें. पाणी आलें तसा ऊस वाढला. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतांत उभा असतो; सुरू ऊसही वर्षभर राहतो. जनावराच्या दृष्टीनें हें एक दाट रानच झालें. आंत सांवली, पाटाचें पाणी, उंदीर-घुशींची रेलचेल आणि मनुष्याची वर्दळ अगदीं थोडी. कोल्ह्यास स्वतः उसाची गोडीही आहे. काकडीस तो राजी असतो हें तर म्हणींत आलेंच आहे, आणि ती म्हण खोटी नाहीं. फळें, बोरें, कणसें, किडे, सरडे, पांखरें, मेलेलीं जनावरें, कांहींही त्यास चालतें. कार्तिकाच्या सुमारास कारखान्यांचीं धुराडीं पेटलीं कीं तोड सुरू होते आणि तें रान एका दिवसांत नाहींसें होतें. निवाऱ्यास मुकलेलें कुटुंब बांधावरून पलीकडे पाहतें, तों पलीकडे आपलें परसूं असतें.

येथपर्यंत दोष कोणाचाच नाहीं. बांधावरून पलीकडे पाहणें निराळें आणि रोज येऊन बसणें निराळें. एक रात्र येऊन रिकाम्या तोंडीं परत गेलेला कोल्हा पुनः लवकर येत नाहीं. ज्यास पहिल्याच रात्रीं पोटभर मिळालें, तो दुसऱ्या रात्रीं मादीस घेऊन येतो आणि तिसऱ्या महिन्यांत पिलांस वाट दाखवितो. विष्णुशर्म्यानें चंडरव नांवाच्या कोल्ह्याची जी गोष्ट सांगितली आहे, तिचा आरंभ आपण विसरतों. निळीच्या पिंपांत पडून तो राजा झाला, हें सर्वांस आठवतें. परंतु तो नगरांत आला कशाकरितां? भुकेनें. आणि रंगाऱ्याच्या घरांत शिरला कशाकरितां? नगरांतील कुत्रीं पाठीस लागलीं म्हणून. भूक त्यास गांवांत आणते आणि कुत्रें त्यास घरांत लोटतें. इतक्या जुन्या काळीं केलेलें हें निरीक्षण आजही तंतोतंत खरें आहे.

तेव्हां पहिलें काम शस्त्र शोधण्याचें नाहीं. आपण रोज रात्रीं कोणकोणतें आमंत्रण बाहेर मांडून ठेवितों, याची यादी करण्याचें आहे. ती बहुतेक घरांतून अशी निघेल. मोरीपाशीं राहिलेलीं खरकटीं भांडीं. झांकण नसलेली केराची बादली. सणावाराच्या किंवा श्राद्धपक्षाच्या दिवशीं कुंपणाबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळी. मांजराकरितां मागच्या पायरीवर ठेविलेली दूधभाताची वाटी. कुत्र्याच्या थाळींतील उरलेली भाकरी. झाडाखालीं पडून कुजणारे पेरू, चिकू व आंबे. गोठ्यांत सांडलेली पेंड, कारण पेंडीस उंदीर येतात आणि उंदरांमागून कोल्हा येतो. गाय व्याली असेल तर तिची वार उघड्यावर टाकण्याची चूक. शेजारीं मंगल कार्यालय असेल तर तेथील उरल्या अन्नाचा ढीग, आणि रस्त्याच्या कडेस मटण-कोंबडीच्या दुकानाचा टाकाऊ माल.

यांवरील उपाय साधे आहेत, आणि ते सगळे सूर्यास्तापूर्वीं करावयाचे आहेत. केर रात्रीं बाहेर ठेवूं नये. घट्ट झांकणाच्या डब्यांत भरून घरांत किंवा कोठीच्या खोलींत ठेवावा आणि सकाळच्या घंटागाडींत द्यावा. खरकटीं भांडीं रात्रींच विसळावीं, निदान आंत घ्यावीं. मांजर व कुत्रें यांस नेमक्या वेळीं वाढावें आणि खाऊन झालें कीं थाळी उचलावी. पडलेलीं फळें रोज वेंचावीं. हें काम मुलांस दिल्यास तीं आनंदानें करितात. खताच्या खड्ड्यांत भाजीचीं देंठें आणि पालापाचोळा घालावा, शिजलेलें अन्न घालूं नये. घातलेंच तर त्यावर वीतभर माती लोटावी. वार असेल ती खोल पुरावी. कार्यालयाच्या व दुकानाच्या घाणीचा प्रश्न एका घरानें सुटत नाहीं. तेथें आळींतील चार जबाबदार मंडळींनीं मिळून महापालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे लेखी तक्रार करावी आणि तिचा पाठपुरावा करावा.

आतां कोणी धर्मनिष्ठ वाचक विचारतील कीं, प्राणिमात्रास अन्नाचा वांटा द्यावा असें शास्त्रच सांगत असतां, तुम्ही वाटी उचला म्हणतां तें कसें? प्रश्न रास्त आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत पंचमहायज्ञ सांगितले आहेत. त्यांपैकीं भूतयज्ञांत इतर जीवांस बलि द्यावयाचा असतो, आणि कुत्रे, कावळे व कृमि यांकरितां अन्न जमिनीवर हळुवार ठेवावें असें तेथें म्हटलें आहे. पण हा बलि कसा असतो तें पाहा. तो ताज्या अन्नाचा असतो, स्वतः जेवण्यापूर्वीं काढलेला असतो, मोजका असतो आणि समजून-उमजून दिलेला असतो. आपण जेवून उरलेलें, आंबलेलें, टाकावयास कंटाळा आला म्हणून कुंपणापलीकडे भिरकावलेलें अन्न म्हणजे यज्ञ खचित नव्हे. तो उकिरडा होय, आणि त्यास दयेचें नांव देणें ही आपली आपणच केलेली फसवणूक आहे. ज्यांच्या घरीं काकबलि, गोग्रास चालू आहे, त्यांनीं तो अवश्य चालू ठेवावा. दिवसां ठेवावा, कावळ्यानें उचलला कीं जागा धुवावी, आणि राहिलेलें अन्न सांजेपूर्वीं काढून घ्यावें. धर्मही राहतो आणि कोल्ह्यास नवी संवयही लागत नाहीं.

कोल्ह्यास भाकरी घातल्यानें त्याचें कल्याण होतें, ही समजूत मात्र मनांतून काढून टाकावी. मनुष्याच्या हातचें खाऊं लागलेलें रानटी जनावर मनुष्याचें भय विसरतें. मग तें दिवसाढवळ्या अंगणांत येतें, मुलाच्या हातांतील पोळीकडे झेपावतें, आणि शेवटीं काठी व दगड त्याच्याच नशिबीं येतात. अमेरिकेंत कायोटी नांवाचा आपल्या कोल्ह्याचा चुलतभाऊ आहे. तो तेथील मोठमोठ्या शहरांतून राहूं लागला आहे. शिकागो शहरांत २००० सालापासून त्याच्या गळ्यांत पट्टे बांधून अभ्यास चालला आहे. पुष्कळसे कायोटी मनुष्यास चुकवून, रात्रींचे फिरून आपलें पोट भरतात. जे धीट होऊन अंगावर येतात, त्यांच्यापैकीं कितीएकांस आधीं कोणी तरी लाडानें खाऊं घातलेलें असतें, असें तेथील अनुभवांतून दिसून आलें आहे.

येथें एकत्र कुटुंबाची खरी कसोटी आहे. घरांत दहा माणसें असलीं आणि नऊजणांनीं नियम पाळला, पण दहाव्यानें मागच्या दारानें तुकडा टाकला, तर नऊजणांचे श्रम फुकट. काका काठी घेऊन हांकलतात आणि काकू वाटी घेऊन बोलावतात, असें झालें म्हणजे जनावर काठी विसरतें आणि वाटी लक्षांत ठेवितें. यासाठीं घरांतील वडील माणसानें सर्वांस एकत्र बसवून, सुना, नातवंडें, मोलकरीण व गडी यांसह, हें एकदां समजावून सांगावें. हुकूम सोडण्यापेक्षां कारण सांगितलेलें अधिक टिकतें.

पाळीव जनावरांसंबंधानें काळजी निराळी घ्यावी. मांजर, मांजराचीं पिलें आणि लहान कुत्रीं यांस सूर्यास्तानंतर घरांत घ्यावें. ससे व कोंबड्या पाळणाऱ्यांनीं खुराड्यास बारीक डोळ्याची मजबूत जाळी व खालीं फरशी करावी. कारण कोल्हा जितका उडी मारतो त्याहून अधिक उकरतो. कुंपणाची जाळीही निदान हातभर जमिनींत पुरावी, आणि फाटकाखालीं चार बोटांहून अधिक फट ठेवूं नये. नुकतें जन्मलेलें वांसरूं व करडूं रात्रीं बंद गोठ्यांत असावें. परसांतील गवत व झुडपें कापून ठेवावीं. लपावयास जागा नसली म्हणजे कोल्ह्यास तें अंगण आवडत नाहीं. हालचाल होतांच पेटणारे विजेचे दिवे मिळतात, तेही उपयोगी पडतात. मात्र तेवढ्यावर विसंबूं नये, कारण नुसत्या दिव्यास जनावर कांहीं दिवसांत सरावतें. आणि कुत्र्यास रेबीजची लस टोंचून घेणें हें त्यास अन्न घालण्याइतकेंच आपलें कर्तव्य समजावें. साधारणतः तीन महिन्यांच्या वयास पहिली लस, आणि पुढें पशुवैद्याच्या सल्ल्यानें दरवर्षीं.

कोल्हा समोर आलाच तर काय करावें? पळूं नये आणि पाठ दाखवूं नये. उभें राहून, हात वर करून, खणखणीत आवाजांत ओरडावें. थाळी वाजवावी, काठी जमिनीवर आपटावी, पाण्याची नळी हाताशीं असेल तर फवारा मारावा. लहान मूल जवळ असेल तर त्यास प्रथम उचलून घ्यावें. त्यास पळावयास एक वाट मोकळी ठेवावी; कोपऱ्यांत कोंडलेला भित्रा प्राणीही चावतो. तो जाईपर्यंत थांबूं नये. अर्ध्यावर सोडलें तर आपण नुसता गोंगाट करितों एवढेंच तो शिकतो. कोल्हा हा मुळांत भिडस्त प्राणी आहे. त्याचें भय त्यास परत देणें, हीच त्याच्यावर करतां येण्यासारखी मोठी दया होय.

आतां काय करूं नये तें सांगतों. विष घालूं नये. विषाचा तुकडा कोल्हाच खाईल असा नियम नाहीं. शेजाऱ्याचें कुत्रें, घार, मांजर, कदाचित् एखादें पोरही त्यास बळी पडेल. फांसे लावूं नयेत आणि कुंपणांत विजेचा प्रवाह सोडूं नये. अशा तारेनें माणसें मेल्याच्या बातम्या आपण वाचतों. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणें कोल्ह्यास मारणें, पकडणें किंवा त्याचीं पिलें आणून घरीं पाळणें हा गुन्हा आहे. ऊसतोडींत पिलें सांपडलीं तर तीं अनाथ आहेत असें समजून उचलूं नयेत. आई बहुधा जवळच असते आणि रात्रीं येऊन तीं हलविते. तसेंच 'कोल्ह्याचें शिंग' म्हणून धनलाभाकरितां विकणारे भोंदू फिरत असतात. कोल्ह्यास शिंग नसतें. त्याच्या कातड्याचा व केसांचा गोळा करून हीं शिंगें बनवितात, आणि त्यापायीं जीव जातो. देव्हाऱ्यांत असली वस्तु ठेवणें सुशिक्षित घरास शोभत नाहीं, आणि कायद्यांतही बसत नाहीं.

कोणी सुचवितात कीं, मारूं नका, पण पकडून दूर रानांत तरी सोडा. ऐकावयास हा मार्ग सौम्य वाटतो. याचा मोठा अनुभव आपल्याच महाराष्ट्रांत, पुणें जिल्ह्यांतील जुन्नर भागांत आला. तेथें उसांत राहणारे बिबटे पकडून दुसऱ्या ठिकाणीं सोडण्यांत आले. आणि अभ्यासकांस असें आढळलें कीं, २००१ नंतरच्या त्या काळांत मनुष्यांवरील हल्ले कमी होण्याऐवजीं वाढले. अनोळखी मुलखांत सोडलेलें जनावर गोंधळतें, परत फिरूं पाहतें, आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरें येऊन भरतें. अमेरिकेंत कायोटी शंभराहून अधिक वर्षें हजारोंनीं मारले गेले. ते कमी न होतां पश्चिमेकडून पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरले. अन्न तेथेंच ठेवून खाणाऱ्यास हांकलणें म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

यापुढें जें लिहितों तें घरांतील प्रत्येकानें दोनदां वाचावें. कोल्ह्यापासून खरें भय त्याच्या दांतांचें नाहीं. त्याच्या लाळेंतून येऊं शकणाऱ्या रेबीजचें आहे. कुत्र्यांकडून कोल्ह्यांस आणि कोल्ह्यांकडून कुत्र्यांस हा रोग लागतो. मुंबईच्या खाडीकांठीं तिवरांच्या झाडींत कोल्हे राहतात. २०२४ सालीं तेथें चेंबूर भागांत सांपडलेल्या कोल्ह्याच्या तपासणींत रेबीज आढळला होता. दिवसा कोल्हा दिसला म्हणजे तो पिसाळलाच असें नाहीं. परंतु जो झोकांड्या खात चालतो, ओरडलें तरी हलत नाहीं, किंवा विनाकारण अंगावर धांवून येतो, त्याच्या वाटेस कोणीही जाऊं नये. दारें लावून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें.

चावा बसला, किंवा दांत-नखांचा नुसता ओरखडा उठला, तर जखम तत्काळ साबण आणि वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें घड्याळ लावून धुवावी. तिखट, चुना, हळद, तेल कांहीं लावूं नये. मंत्र-तंत्रांत वेळ घालवूं नये. तडक रुग्णालयांत जावें. कोल्हापुरांत छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय आहे. कुत्रें चावल्यास त्यावर दहा दिवस नजर ठेवितात, तो नियम रानटी जनावरास लागू नाहीं. त्याचा चावा सर्वांत गंभीर वर्गांतला धरून लसीबरोबर जखमेंत इम्युनोग्लोब्युलिनही टोंचतात. लसीच्या ठरलेल्या सर्व तारखा पाळाव्या. पोटांत चौदा सुया घेण्याची जुनी दहशत आतां मनांतून काढावी. ती जुनी लस भारतांत २००४ सालाच्या अखेरीस बंद झाली, आणि आतांची दंडांत मोजक्याच वेळां टोंचावयाची असते. फ्रान्सांत लुई पाश्चर यानें ६ जुलै १८८५ रोजीं नऊ वर्षांच्या एका मुलास पहिली लस दिली आणि तो मुलगा वांचला. लस वेळेवर मिळाली तर हा रोग टळतो. लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे मात्र त्यावर उपाय जवळजवळ नाहींच. तीं दिसावयास बहुधा कांहीं आठवडे ते कांहीं महिने लागतात, आणि तेवढ्या काळांत जखम बुजून घरांतील माणसें ती गोष्ट विसरून गेलेलीं असतात.

आयुष्य वर्गांत घालविलेल्या माणसास येथें एक गोष्ट सांगावीशी वाटते. मूल जखमेस भितें त्याहून अधिक घरच्यांच्या रागास भितें. 'तिकडे जाऊं नको म्हणून सांगितलें होतें ना?' या एका वाक्याच्या भयानें तें ओरखडा बाहीखालीं झांकून ठेवितें. चड्डी फाटली, पाटी फुटली, तर लपविलेल्या गोष्टीनें फारसें बिघडत नाहीं. येथें मात्र लपविलेला एक ओरखडा प्राण घेऊं शकतो. म्हणून आजच घरांतील सर्व मुलांस जवळ बोलावून सांगावें कीं, कोणत्याही जनावरानें चावलें, ओरबाडलें किंवा जखमेस चाटलें, तर धांवत येऊन सांगा. कोणी रागावणार नाहीं. आणि मूल येऊन सांगेल त्या दिवशीं खरोखरच रागावूं नये. शिस्त मोठी खरी, परंतु ज्या घरांत मूल खरें सांगावयास भीत नाहीं, त्या घराची शिस्त अधिक मोठी.

बिबट्याविषयीं दोन शब्द स्वतंत्र लिहिणें भाग आहे, कारण उसांत तोही राहतो. जानेवारी २०१५ मध्यें रुईकर कॉलनींत आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें नागाळा पार्क परिसरांत तो थेट शहरांत आला होता. कोल्ह्यास हांकलण्याचे वर सांगितलेले उपाय बिबट्याचा पाठलाग करण्याकरितां नाहींत. तो दिसला तर गर्दी करूं नये, दगड मारूं नये, मोबाईल पुढें करून चित्र घेण्यास धांवूं नये. घराचीं दारें लावावीं, त्यास जावयास वाट द्यावी आणि वनविभागास कळवावें. मात्र आमंत्रणाचा नियम येथेंही तोच आहे. केरावर मोकाट कुत्रीं येतात, आणि कुत्र्यांच्या मागें बिबट्या येतो. जेथें ऊस दाराशीं आहे, तेथें सांज झाल्यावर मुलांस एकटें बाहेर पाठवूं नये, आणि कुत्रें अंगणांत साखळीनें बांधून ठेवूं नये. बांधलेलें कुत्रें पळूंही शकत नाहीं.

शेवटीं कोल्ह्याच्या बाजूनेंही न्याय झाला पाहिजे. उसाचें व धान्याचें नुकसान करणाऱ्या उंदीर-घुशी तो खातो, मेलेलें जनावर तो साफ करितो, आणि त्याबद्दल आपणांपाशीं कांहीं मागत नाहीं. तो शेतांत असणें हें शेतकऱ्याच्या हिताचें आहे. तो आपल्या मोरीपाशीं असणें कोणाच्याच हिताचें नाहीं, त्याच्याही नाहीं. चांगल्या शेजाऱ्यांत बांध स्पष्ट असला म्हणजे भांडण होत नाहीं. आपल्या बाजूचा बांध कुंपणापेक्षां झांकलेल्या डब्यानें, विसळलेल्या भांड्यानें आणि उचललेल्या वाटीनें अधिक पक्का होतो. आज रात्रीं निजण्यापूर्वीं घरांतील एकानें कंदील म्हणा, बॅटरी म्हणा, घेऊन परसांतून एक फेरी मारावी आणि जें जें खाण्याजोगें दिसेल तें आंत आणावें. दुसऱ्या रात्रीं ती फेरी नातवावर सोंपवावी. महिनाभर हें नेमानें झालें, तर कोल्हेकुई पुनः उसाच्या पलीकडून, जेथून ती ऐकावयास बरी वाटते तेथून, ऐकूं येऊं लागेल.